सगळा मोह सारखाच?

मागल्या दिवाळीत आमच्या घरी एक भांडण झाले. भाऊबीजेच्या रात्री, फराळाची ताटे पुढ्यात असताना झाले, आणि घरातल्या बायका दोनदा मध्ये पडूनही ते मिटले नाही. ते मिटावे अशी माझी इच्छाही नाही. उलट ते चार घरांत पसरावे, म्हणून तर हा लेख लिहावयास बसलो आहे.

भांडण माझ्या पुतण्याशी. मुलगा पुण्यास नोकरीला आहे, हुशार आहे, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. वाईट म्हणावे असे त्यात काही नाही. पण पुण्यास हल्ली जागच्या जागी बिअर तयार करून पाजणारी ठिकाणे निघाली आहेत, आणि तेथे बसून बसून त्याला एक विद्या जडली आहे. त्या रात्री त्याने बॅगेतून तीन पुड्या काढल्या आणि ताटलीत तीन लहान ढीग मांडले. हिरवट, वाळलेली, कागदाच्या पाकळ्यांसारखी बोंडे. "काका, हातावर चोळा आणि वास घ्या," म्हणाला. मी घेतला. पहिल्याला मसाल्याचा मंद वास होता, दुसऱ्याला पपनसाच्या सालीचा, आणि तिसरे नुसतेच उग्र.

ही बोंडे म्हणजे हॉप. ज्या सत्पात्र घरांत हा शब्द शिरलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हॉप ही थंड मुलखातली वेल. तिच्यात नर निराळा, मादी निराळी, आणि बिअरला लागतात ती मादी वेलीची बोंडे. त्यांच्या पाकळ्यांच्या तळाशी पिवळी भुकटी असते. बार्लीच्या गोड काढ्यात ती उकळली की त्याला कडवटपणा येतो, वास येतो, आणि पेय लवकर नासत नाही. बव्हेरियात १५१६ साली हुकूम निघाला की बिअरमध्ये बार्ली, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये; एवढा त्या वेलीचा मान! आपल्या देशातही लाहौलच्या खोऱ्यात हिची लागवड झाली आहे.

पुतण्याची पहिली पुडी बोहेमियातल्या झाटेक गावच्या साझ या वाणाची. तिच्यातले कडू द्रव्य शेकडा तीन-चार. दुसरी कॅस्केड, हा वाण अमेरिकेत ओरेगॉनमध्ये तयार करून १९७२ साली शेतकऱ्यांच्या हाती दिला. तिसरी मॅग्नम, जर्मनीची, कडूपणा शेकडा बाराच्या वर. कोणता हॉप उकळीच्या आरंभी घालावा, कोणता शेवटी, कोणत्या सालचा चांगला उतरला, कोणत्या खोऱ्यातला नको, हे सारे तो असे सांगत होता, की आमच्या वडिलांनीही ज्वारीच्या वाणांबद्दल इतक्या आत्मीयतेने सांगितले नसेल. मी मन लावून ऐकत होतो. विद्या कशाचीही असो, ती मन लावून मिळवलेली असली की ऐकणाऱ्याला आनंद होतो.

मग मी सहज म्हणालो, "अरे, आपल्या सातपुड्यातही असेच आहे. एका मोहाच्या फुलासारखे दुसऱ्या मोहाचे नसते."

तो हसला. म्हणाला, "काका, मोहाचे काय! सगळा मोह सारखाच. वास मारतो आणि डोके दुखते."

येथे भांडणास आरंभ झाला.

वाचकहो, मी अक्कलकुवा तालुक्यात शाळामास्तर म्हणून बरीच वर्षे काढली. मोलगीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर माझी शाळा होती. फाल्गुन लागला की पहिल्या तासाला वर्ग रिकामा. आरंभी मी रागवत असे. मग एके पहाटे मुलांना पकडून आणावयाला म्हणून निघालो आणि मीच पकडला गेलो. पाने झडून गेलेली मोहाची झाडे, आणि अंधारातून टप्, टप् असा आवाज. मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळून पडते. पांढुरके, मांसल, द्राक्षाएवढे, रसाने भरलेले. ऊन तापण्याआधी आणि गुरे येण्याआधी ते वेचावे लागते. आख्खे घर टोपल्या घेऊन झाडाखाली बसलेले असते; त्यात माझा वर्गही होता.

त्या पाड्यावर एक म्हातारी होती. तिने मला, काही शिकवते आहे असा आव न आणता, मोह शिकवला. नाल्याकाठच्या मोहाचे फूल मोठे, पण पाणचट. वाळायला वेळ घेते आणि काळे पडते. टेकाडावरच्या वाकड्या मोहाचे फूल लहान, पण वाळले की मनुकेसारखे तांबूस होते आणि पावसाळ्यापर्यंत टिकते. तिसऱ्या एकाला घशाशी किंचित कडू चव, ते बैलांना. वाकड्या मोहाचे फूल शिजवून पोरांच्या भाकरीबरोबर. कोणते झाड होळीच्या आधी गळू लागते, कोणते नंतर, कोणते एक वर्षाआड हात आखडता घेते, हे तिला आपल्या सुनांच्या स्वभावासारखे पाठ होते. मी विचारले, "आजी, हे तुम्हांला कुणी सांगितले?" ती म्हणाली, "गुरुजी, खाणाऱ्याला कोण सांगतं?"

आता सांगा, माझा पुतण्या पुण्यात जे करतो आणि ही म्हातारी पाड्यावर जे करीत होती, त्यांत फरक तो कोणता? दोघे वास घेतात, चव घेतात, टिकाऊपणा पाहतात, एक वाण दुसऱ्याशेजारी ठेवून निवडतात. फरक इतकाच, की त्याच्या निवडीला पुस्तके आहेत, प्रयोगशाळा आहेत, वाणांना नावे आहेत आणि त्या नावांना भाव आहे. हिच्या निवडीची नोंद कुठल्याच दप्तरात नाही, आणि तिचा माल बाजारात गेला की व्यापारी वाकडा मोह, नाल्याकाठचा मोह एकाच पोत्यात ओततो आणि एकच भाव सांगतो. तोही हंगामात, माल उदंड असताना. हीच माणसे आषाढात उपाशी पोटी तीच फुले दामदुपटीने विकत घेताना मी पाहिली आहेत.

पुतण्या म्हणाला, "काका, तुमची तुलनाच चूक आहे. हॉपने मद्य होत नाही. मद्य बार्लीतल्या साखरेचे. हॉप नुसता चवीला." अगदी बरोबर! पण त्याने माझी बाजू लंगडी झाली की बळकट? पेयाला कडवटपणा आणणे एवढेच ज्या वेलीचे मुख्य काम, तिच्यासाठी जगाने बागा लावल्या, संस्था काढल्या, वाण निवडले. आणि ज्या झाडाच्या वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर, ज्याच्या बियांचे, म्हणजे आमच्याकडच्या डोळीचे, तेल स्वयंपाकाला आणि दिव्याला, ज्याची पेंड शेताला, ज्याची सावली गुराला, त्या झाडाबद्दल आपण काय म्हणतो? तर सगळा मोह सारखाच!

मग त्याने दुसरा मुद्दा काढला. हॉप ही लागवडीची वेल. मोह पडला रानटी. रानटी झाडाचे कसले आले वाण? यावर मी त्याला त्याच्याच शास्त्रातली एक गोष्ट ऐकवली. इंग्लंडात केंट परगण्यात वाय येथे एक शेतकी महाविद्यालय होते. तेथे सॅमन नावाच्या प्राध्यापकाने १९१६ साली कॅनडातल्या मॅनिटोबाहून एका रानटी हॉपच्या वेलीची कांडी मागवली. कुणी पुसत नसलेली, रानात वाढलेली वेल. तिच्या रोपांची त्याने वर्षानुवर्षे एकमेकांशी तुलना केली आणि त्यांतून १९३४ साली 'ब्रुअर्स गोल्ड' नावाचा वाण बाहेर काढला. पुढे जगात कडू हॉपचे जे वाण निघाले, त्यांतल्या पुष्कळांच्या अंगात त्या रानटी आजीचे रक्त आहे. मॅनिटोबाच्या रानातल्या वेलीला हा मान, तर मोलगीच्या रानातल्या वाकड्या मोहाला का नाही? तो रानटी आहे म्हणून नव्हे. त्याच्याकडे पाहणारा सॅमन आपल्याकडे निपजला नाही म्हणून!

आणि हे अशक्य आहे असेही नाही. मोहाचे झाड बीपासून उगवते, म्हणून दोन झाडे कधी सारखी नसतात. तेच म्हातारी सांगत होती. पण चांगल्या झाडाची काडी घेऊन कलम बांधले की त्याचा गुण जसाच्या तसा उतरतो, आणि फुलांसाठी बीच्या झाडाइतकी वर्षे थांबावे लागत नाही. शेजारी गुजरातेत, पंचमहालात वेजलपूर येथे केंद्रीय उद्यानविद्या प्रयोग केंद्र आहे. तेथल्या शास्त्रज्ञांनी झाडे तपासून मोहाचा एक वाण निवडला आणि त्याला 'थार मधु' असे नाव दिले. म्हणजे जे काम मी स्वप्नात मागतो आहे, ते सरहद्दीच्या पलीकडे जागेपणी झाले आहे. मग ज्या जिल्ह्यात दोन तृतीयांशाहून अधिक लोक आदिवासी आहेत, ज्याच्या उत्तरेला सगळा सातपुडा उभा आहे, त्या आमच्या नंदुरबारने काय पाप केले?

त्याचे पाप एकच. त्याच्या झाडाला सरकारने दारूचे झाड ठरवले.

इंग्रजांनी १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला. दारूतून मिळणाऱ्या कराला गळती नको, म्हणून १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी निराळा कायदा झाला. आरंभी तो ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांपुरता होता. मक्तेदाराचे दुकान चालावे म्हणून माणसाने आपल्या दारातल्या झाडाचे फूल घरात साठवू नये, असा तो न्याय! इंग्रज गेले. १९४९ साली आपला दारूबंदी कायदा आला, आणि त्यातही मोहाची फुले नाव घेऊन बसली. हेतू बदलला, पूर्वी कर बुडू नये म्हणून, आता नीती बुडू नये म्हणून. पण फूल वेचणारीची टोपली दोन्ही राजवटींत संशयितच राहिली. राज्य सरकारने फुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले ते २०२१ साली. स्वातंत्र्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी खाण्याचे फूल खाण्याचे झाले!

आणि पुढची गंमत ऐका. २०२२ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने ठरवले, की काजूची बोंडे आणि मोहाची फुले यांच्यापासून केलेले मद्य 'देशी' या वर्गातून काढून 'विदेशी' या वर्गात घालावे. त्यामागे कराचा आणि प्रतिष्ठेचा काही हिशेब असेल, मी नाही म्हणत नाही. पण सातपुड्याच्या मोहाला मान मिळवण्यासाठी विदेशी व्हावे लागते, ही गोष्ट मला पुतण्याच्या हसण्याहून अधिक झोंबली. गोव्याने काय केले पाहा. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवून दिले. फेणी गोव्याचीच राहिली. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला वारसा म्हणून मान्यता दिली. आम्ही मात्र आपल्याच लेकराला परक्याचे आडनाव लावले.

आता मला ठाऊक आहे, एखादी आजी चष्मा सावरून विचारील, "दिवाळीच्या अंकात हे दारूचे पुराण कशाला?" आजी, आपला प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही. मी स्वतः घेत नाही. माझ्या शाळेतली दोन मुले बापाच्या दारूपायी शाळेतून गेली. ती मला अजून दिसतात. या मुलखाने दारूशी जेवढे भांडण केले तेवढे थोड्यांनी केले असेल. १९२२-२३ साली दक्षिण गुजरातेतून खानदेशापर्यंत देवीची लाट आली, तेव्हा आदिवासींनी आपण होऊन दारू सोडली. तळोद्याकडे मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३८ च्या सुमारास हजारो माणसांना तेच सांगितले. आणि १९७० नंतरच्या दशकात शहाद्याच्या भागात आदिवासी बायकांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. त्या मडकी फोडणाऱ्या हातांना माझा नमस्कार आहे.

पण त्या बायकांनी मडकी फोडली. मोहाची झाडे तोडली नाहीत. हा फरक त्यांना कळला होता, तो आमच्या शहाण्यांना कळत नाही. त्यांचे वैर दारू विकणाऱ्याशी, कर्जात बुडवणाऱ्याशी, घरी येऊन हात उगारणाऱ्याशी होते. आणि आज दुकानात सरकारी शिक्क्याची जी देशी बाटली मिळते, ती बहुतकरून साखर कारखान्याच्या मळीच्या मद्यार्काची असते. चोरट्या भट्टीतही काळा गूळ आणि नवसागर घुसला आहे. म्हणून उसाला कुणी दारूचे झाड म्हणतो का? उसाला कारखाना मिळतो, कर्ज मिळते, संशोधन केंद्र मिळते. द्राक्षाची वाइन होते म्हणून नाशिकच्या द्राक्षाला कुणी नाक मुरडत नाही. बदनामी फक्त मोहाची. कारण त्याच्या मालकाच्या अंगावर लंगोटी आहे.

आणि हेच फूल आपल्याला परके कधी होते? संस्कृतात त्याचे नाव मधूक. रघुवंशात स्वयंवराला आलेल्या इंदुमतीजवळ दूर्वांत गुंफलेली मधुकाची माळ आहे. राजकन्येच्या माळेतले फूल आमच्या बोलण्यात गुत्त्यापर्यंत कसे घसरले, याचा शोध पंडितांनी घ्यावा. मला घाई आहे ती निराळ्या गोष्टीची.

ती गोष्ट अशी. ती म्हातारी आता नाही. तिची सून वाकडा मोह ओळखते. नात ओळखत नाही. कारण दिवाळी झाली की ती नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाते, आणि फुले गळू लागतात तेव्हा ती उसाच्या फडात असते. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, त्यात कोवळी रोपे जळतात. म्हणून पाड्याभोवती म्हातारी झाडे पुष्कळ आणि तरणी थोडी. झाड ओळखणारी माणसे गेली आणि मागून झाडे गेली, की मग खरोखरच सगळा मोह सारखा होईल. नसलेल्या वस्तू एकमेकींपासून निराळ्या दिसत नाहीत.

म्हणून माझे मागणे सांगतो, आणि ते फार नाही. गावोगावच्या ग्रामसभांनी आपापल्या शिवारातले चांगले मोह मोजावेत, आणि फुलाचा आकार, गोडी, टिकाऊपणा, गळण्याचा काळ यांसह वहीत लिहावेत. नाव गावाने दिलेलेच राहावे. साहेबाने दिलेला नंबर नको. कृषी महाविद्यालयांनी त्यांतल्या निवडक झाडांची साखर तपासावी. तालुक्याच्या रोपवाटिकेत त्यांची कलमे बांधावीत. आणि बाजारात फुलाला प्रतीप्रमाणे भाव मिळावा. यासाठी नवा कायदाही नको. अनुसूचित क्षेत्रातल्या गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क १९९६ च्या पेसा कायद्याने मानला आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने पक्का केला आहे. त्याच पेसाने गावात दारू असावी की नसावी हे ठरवण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे दिला आहे. मग मडके ठेवायचे की फोडायचे, ते त्या गावच्या बायका ठरवतील. त्यांना ते चांगले येते. आमच्याच नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. डाळीचे नाव लागते, तर फुलाचे का लागू नये?

त्या रात्री मी उठून माजघरात गेलो आणि दोन डबे घेऊन आलो. त्या सुनेने चैत्रात वाळवून पाठवलेली फुले होती. एका डब्यात नाल्याकाठची, दुसऱ्यात वाकड्या मोहाची. साझ आणि कॅस्केडच्या शेजारी मी दोन ढीग मांडले. "चोळू नकोस," म्हटले, "चावून खा." वहिनींनी मध्येच वाकड्या मोहाची चार फुले उचलली आणि तिळाबरोबर कुटून लाडू करता येतील का, याचा विचार मोठ्याने सुरू केला. पुतण्याने पहिले फूल खाल्ले, पाणी प्याला, दुसरे खाल्ले. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, दोन्ही गोडच आहेत, पण दुसऱ्याला मागून काही तरी येते. काय ते सांगता येत नाही."

मी म्हणालो, "सांगता येत नाही, कारण त्याला अजून शब्द नाही. तुझ्या कॅस्केडला तो साऱ्या जगाने मिळून दिला. याला तू दे."

तो कबूल झाला असे नाही. जाताना हॉपच्या पुड्या मात्र तो येथेच विसरला आणि वाकड्या मोहाचा डबा घेऊन गेला. होळीला काठीला येतो म्हणाला आहे. आला तर पहाटे चारला उठवीन आणि टोपली देऊन झाडाखाली बसवीन. भांडण पुढे चालवावयाचे तर ते तेथेच चालवलेले बरे.